धर्मादाय दवाखाना काढायचाय? आधी ओपीडी, मग खाटा, इमारत सगळ्यात शेवटी

दर दोन-तीन महिन्यांनी मला एक फोन येतो. "काका, आईच्या नावानं दवाखाना काढायचा आहे. जागा आहे, थोडे पैसेही आहेत. आता पुढं काय करायचं?" बँकेत असताना माझं आयुष्य कर्जाच्या फायली चाळण्यात गेलं. निवृत्तीनंतर पूर्व नागपुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाचा कोषाध्यक्ष झालो. भाड्याच्या गाळ्यात दोन टेबलं आणि एक तपासणीचा पलंग, एवढ्यावर आमची सुरुवात झाली. आज पन्नास खाटा आहेत. मधल्या काळात केलेल्या चुकांची यादी खाटांपेक्षा लांब आहे, म्हणून हा लेख.

फोनवर मी सगळ्यांना आधी एकच गोष्ट सांगतो. इमारत बांधायला पैसे मिळतात, चालवायला मिळत नाहीत. लिफ्टसाठी दहा लाख देणारा दाता सापडतो, लिफ्टमनच्या पगारासाठी कुणी सापडत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम याच अनुभवातून ठरला आहे.

मेडिकलच्या ओपीडीत एक सोमवार काढा

आपल्याला कोणता दवाखाना काढायला आवडेल, हा विचार बाजूला ठेवा. सोमवारी सकाळी आठ वाजता मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, ओपीडीत जाऊन बसा. मग मेयो आणि डागा या दुसऱ्या सरकारी रुग्णालयांत जा. रांगेतल्या लोकांना विचारा: कुठून आलात, कितव्यांदा आलात, गाडीभाड्याला किती लागले, कोणती तपासणी बाहेरून करून आणायला सांगितली. नागपूरचा रुग्ण फक्त नागपूरचा नसतो. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीचा असतो, छिंदवाडा-बालाघाट-शिवनीचाही असतो. दोन आठवडे वहीत नोंदी केल्या की शहरात नेमकं काय कमी आहे ते दिसायला लागतं.

कॅन्सरसाठी मानेवाड्याला राष्ट्रसंत तुकडोजींच्या नावाचं रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट उभी आहे, मिहानमध्ये एम्स आहे. वीस खाटांचं आणखी एक कॅन्सर रुग्णालय काढून कुणाचं भलं होणार? पण डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा यावं लागणारा माणूस, सिकलसेलचं दुखणं घेऊन वर्षानुवर्षं फिरणारं पोरगं, मोतीबिंदूमुळं घरात बसलेली आजी, खाटेला खिळलेला आणि मोठ्या दवाखान्यानं "आता घरी न्या" म्हणून सांगितलेला म्हातारा, यांच्यासाठी अजून पुष्कळ जागा आहे. आम्ही डोळे आणि डायलिसिस निवडलं, बाकीचं मागून आलं.

या शहरात याचा धडा जुना आहे. बालविधवा असलेल्या कमलाताई होस्पेट नर्सिंग शिकल्या आणि १९२१ मध्ये त्यांनी वेणूताई नेने यांच्यासोबत सीताबर्डीवर मातृसेवा संघ सुरू केला. सुरुवात छोट्या प्रसूतिगृहानं झाली. बाईचं बाळंतपण नीट व्हावं ही एकच गरज त्यांनी धरली आणि पुढचे व्याप त्यातूनच वाढत गेले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी दवाखाना काढणाऱ्यालाही याहून चांगला नमुना मिळणार नाही.

ट्रस्टची कागदपत्रं: घाई इथं महाग पडते

रस्ते तीन. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था, म्हणजे साध्या भाषेत ट्रस्ट. दुसरा, १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था. तिला किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात तिची नोंद ट्रस्ट म्हणूनही करावी लागते. तिसरा, कंपनी कायद्यातली कलम ८ ची ना-नफा कंपनी. घरच्या पैशावर सुरू होणाऱ्या छोट्या दवाखान्याला माझ्या मते ट्रस्ट बरा. संस्थेत सभासद वाढतात, निवडणुका होतात, आणि निवडणुकीत हरलेला गट धर्मादाय कार्यालयात तक्रार घेऊन जातो. पण बारा-पंधरा कुटुंबं मिळून उभं करणार असाल तर संस्थाच करा. नाहीतर पुढं "हा त्यांच्या घरचा ट्रस्ट" असं ऐकावं लागेल.

ट्रस्ट झाल्यापासून तीन महिन्यांत सहधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणीचा अर्ज करायचा असतो. कायदा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. ट्रस्ट डीड लिहिताना वकिलाचा तयार नमुना उचलू नका. चार गोष्टी स्वतः वाचून घाला: विश्वस्ताची मुदत किती, विश्वस्त गेला किंवा निघाला तर नवा कसा नेमायचा, बँकेत सह्या कुणाच्या, आणि विश्वस्ताच्या नातलगाला नोकरी, कंत्राट किंवा भाडं मिळणार नाही हे स्पष्ट शब्दांत. शेवटचं कलम आमच्या डीडमध्ये नव्हतं. औषधांचा पुरवठा एका विश्वस्ताच्या मेव्हण्याकडून सुरू झाला तेव्हा ते किती महाग पडतं ते कळलं. विश्वस्ताला किंवा त्याच्या नात्यातल्याला ट्रस्टकडून फायदा दिला तर आयकराची सवलतही धोक्यात येते.

आणखी दोन कलमं तोंडपाठ करा. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची असेल तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. ट्रस्टच्या नावानं कर्ज घ्यायलाही लागते. बँकेचा मॅनेजर ओळखीचा आहे म्हणून कर्ज मंजूर झालं, तरी परवानगीशिवाय ते उचलू नका.

आयकराच्या नोंदण्या लगेच करून घ्या. नव्या ट्रस्टला आधी तात्पुरती नोंदणी मिळते, काम दाखवल्यावर ती नियमित होते. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्यानं कलमांचे आकडे बदलले, तरी बोलताना सगळे ट्रस्टच्या करसवलतीच्या नोंदणीला "बारा-ए" आणि दात्याच्या सवलतीच्या नोंदणीला "ऐंशी-जी" असंच म्हणतात. लक्षात ठेवायचं ते एवढं: वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के ट्रस्टच्या कामावर खर्च झालेले दिसले पाहिजेत. २,००० रुपयांवरची रोख देणगी दात्याला ऐंशी-जीची सवलत देत नाही. आणि नाव-पत्त्याशिवाय आलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपुढं गेल्या की त्यांवर ३० टक्के कर बसतो. दानपेटी ठेवायची तर शेजारी पावतीपुस्तक आणि एक माणूस बसवा.

दोन वर्षं ओपीडी, भाड्याच्या जागेत

ही पायरी बहुतेकांना कंटाळवाणी वाटते आणि ते ती गाळतात. गाळू नका. दोन-तीन खोल्या भाड्यानं घ्या. सकाळी फिजिशियन, संध्याकाळी बालरोग, आठवड्यातून एक दिवस डोळे. रक्ताचे नमुने गोळा करून चांगल्या प्रयोगशाळेत पाठवायची सोय करा. औषधांचं दुकान काढायचं तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट हवाच.

दोन वर्षांत तुम्हाला कळतं की रुग्ण कोणत्या वस्तीतून येतात, किती रुपये सहज देऊ शकतात आणि कोणत्या आजाराला तुम्ही दररोज "मेडिकलला जा" म्हणता. तो आजार म्हणजे तुमचा पुढचा विभाग. शिवाय दाखवायला काम तयार होतं. परदेशी देणगीच्या नोंदणीसाठी किमान तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी सीएसआर-१ फॉर्म भरून नोंद करावी लागते. नागपुरात वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइलसारख्या कंपन्यांची मुख्यालयंच आहेत, पण त्यांच्या दारात "दवाखाना काढणार आहोत" म्हणत जाण्यापेक्षा दोन वर्षांची ओपीडीची रजिस्टरं घेऊन जाणं वेगळं. कंपनी यंत्र देते, पगार सहसा देत नाही. म्हणून यंत्रासोबत किमान तीन वर्षांची देखभाल आणि चालवणाऱ्या तंत्रज्ञाचं मानधन त्याच प्रस्तावात मागा. आम्हाला एकदा सोनोग्राफी मशीन मिळालं आणि ते चालवणारा डॉक्टर मिळेपर्यंत सात महिने प्लास्टिकच्या आवरणाखाली उभं होतं.

आकडेमोड, जी कुणी आधी करत नाही

इथं जरा थांबा, वही काढा.

समजा ३० खाटा आहेत आणि सरासरी १८ भरलेल्या असतात. पगार, वीज, औषधं, जेवण, धुलाई, देखभाल मिळून महिन्याचा खर्च १८ लाख. अठरा खाटा गुणिले तीस दिवस म्हणजे ५४० खाट-दिवस. एक खाट एक दिवस चालवायला साधारण ३,३३३ रुपये पडले.

आता कायदा. मुंबई उच्च न्यायालयानं मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, म्हणजे ज्याला आपण कलम ४१-एए ची योजना म्हणतो, धर्मादाय रुग्णालयानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखायच्या. ३० खाटांत तीन आणि तीन. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असलेला निर्धन, ३,६०,००० पर्यंतचा दुर्बल घटकातला. याशिवाय इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, म्हणजे आयपीएफमध्ये, टाकायची.

तीन मोफत खाटा महिनाभर भरलेल्या राहिल्या तर ९० खाट-दिवस, म्हणजे सुमारे ३ लाखांचा खर्च. इतर रुग्णांचं बिल महिन्याला १६ लाख झालं तर आयपीएफमध्ये जमा होतात ३२,००० रुपये. मधले पावणेतीन लाखांच्या आसपास कुठून आणणार? सवलतीच्या तीन खाटा अजून धरलेल्याच नाहीत. याचं उत्तर ज्या दिवशी तुमच्या वहीत लिहिलेलं असेल, त्या दिवशी इमारतीचा नकाशा काढायला बसा.

आमचं उत्तर तीन ठिकाणचं मिळून आहे. विशेष खोल्यांचा आणि प्रयोगशाळेचा वाढावा, मुदत ठेवीत ठेवलेल्या कॉर्पसचं, म्हणजे हात न लावायच्या कायम निधीचं, व्याज आणि "एक खाट एक वर्ष" अशी छोट्या दात्यांची योजना. मोठ्या दात्याची पाटी भिंतीवर लागते, छोट्या दात्याला आम्ही दर तीन महिन्यांनी पत्र लिहितो की त्याच्या खाटेवर किती माणसं झोपली. नाव कुणाचंच सांगत नाही, फक्त आकडा आणि गाव. या योजनेत गळती फार कमी आहे.

जागा: आरएल आहे का?

आरएल म्हणजे भूखंड नियमित झाल्याचं पत्र. नागपूरकराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही, तरी आम्ही त्यातच फसलो. एका दात्यानं भूखंड दिला, छान मोक्याचा. बक्षीसपत्र झालं, पेढे वाटले. नकाशा मंजुरीला टाकल्यावर कळलं की लेआउट गुंठेवारीतला, नियमितीकरणाची डिमांड नोट कधीच भरलेली नाही आणि आरएल लेटर नाही. दीड वर्ष गेलं. त्या काळात आम्ही दान घेतलेल्या जागेचा मालमत्ता कर भरत होतो आणि ओपीडीचं भाडंही.

तेव्हा देणगीची जागाही विकत घेतल्यासारखी तपासा. सातबारा किंवा आखीव पत्रिका, नझूलची, म्हणजे सरकारी, असेल तर पट्ट्याची मुदत आणि अटी, सुधार प्रन्यासच्या पट्ट्याची असेल तर वापर बदलायची मुभा आहे का, शहराबाहेर असेल तर एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी, आणि एनएमआरडीएची, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, मंजुरी. रस्त्याची रुंदी मोजून घ्या, कारण रुग्णालयाला किती बांधकाम मिळणार हे त्यावर ठरतं.

आणि एकदा पावसाळ्यात जाऊन बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि शहरातल्या कित्येक तळघरांचे हौद झाले. जनरेटर, वीजपुरवठ्याचं पॅनल, एक्स-रे आणि औषधांचा साठा तळघरात ठेवायचा नकाशा आर्किटेक्टनं काढला तर तो परत करा.

इमारत: थोडक्यात, पण आगीबद्दल सविस्तर

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो हे लक्षात घेऊन बांधा. पश्चिमेच्या भिंतीला वॉर्ड नको, तिकडं जिना, भांडारघर, स्वच्छतागृह जाऊ द्या. जनरल वॉर्डला डेझर्ट कूलर लावणार असाल तर हवा बाहेर जायला समोर खिडकी हवी, नाहीतर जुलैत वॉर्ड कोंदट होतो. नातेवाईकांना बसायला सावलीची जागा आणि डबा गरम करायची सोय ठेवा. लांबून आलेल्या माणसाला रुग्णालयाची पहिली आठवण तिथलीच राहते. स्ट्रेचर वळेल एवढा रॅम्प आणि लिफ्ट आधी, संगमरवर नंतर.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. इथून साठ-पासष्ट किलोमीटरवर. त्या आठवड्यात आमच्या संचालक मंडळाची बैठक झाली, तेव्हा आमच्याकडं अग्निशमन सिलिंडर होते आणि ते वापरता येणारी एकही नर्स नव्हती. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणेची तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, फॉर्म बी द्यावा लागतो. फॉर्म भरणं सोपं. कठीण काम असं: रात्री दोन वाजता, दोनच नर्सेस असताना, दिवे घालवून वॉर्ड रिकामा करून बघणं. आम्ही दर चार महिन्यांनी करतो. पहिल्या खेपेला अकरा मिनिटं लागली, कारण मागच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली सुपरवायझरच्या घरी. आता त्या दाराला आतून ढकलायची कडी आहे, कुलूप नाही.

ऑक्सिजनचं सांगायचं तर द्रव ऑक्सिजनची टाकी बसवायला पेसोचा, म्हणजे स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, परवाना लागतो. पेसोचं देशाचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, पण म्हणून काम लवकर होतं असं समजू नका. छोट्या रुग्णालयाला सिलिंडरचा मॅनिफोल्ड, म्हणजे एका नळीला जोडलेले बरेच सिलिंडर, पुरतो. टाकीचा विचार अतिदक्षता विभाग आल्यावर.

परवाने: एका भिंतीवर एक तक्ता

ही यादी वाचायला कंटाळवाणी आहे, म्हणून पटकन. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं नोंद, दर तीन वर्षांनी नूतनीकरण. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावायचे. एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक परिषदेची नोंद. सोनोग्राफीसाठी पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याखालची नोंद, आणि इथं फॉर्म एफमधली एक रिकामी चौकटसुद्धा गुन्हा ठरू शकते, त्यामुळं तो रोजच्या रोज दुसऱ्या माणसानं तपासावा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी. दहा कर्मचारी झाले की कर्मचारी राज्य विमा, वीस झाले की भविष्यनिर्वाह निधी. लिफ्ट, वीज, पाणी वेगळे.

कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग आयांना आणि वॉर्डबॉयना पाठ असतात, डॉक्टरांना नसतात. पिवळ्यात रक्तानं माखलेलं ड्रेसिंग आणि शरीराचे भाग, लालमध्ये सलाईनच्या नळ्या आणि हातमोजे, पांढऱ्या डब्यात सुया-ब्लेड, निळ्यात काचेच्या बाटल्या. ४८ तासांच्या आत सामायिक केंद्राची गाडी घेऊन गेली पाहिजे. पुढच्या वेळी भूलतज्ज्ञानं सुई पिवळ्या पिशवीत टाकली तर आयाबाईला त्यांना टोकायची मुभा द्या. आमच्याकडं आहे, आणि डॉक्टर ऐकतात.

प्रत्येक परवान्याची संपण्याची तारीख एका मोठ्या तक्त्यावर लिहून लेखा विभागाच्या भिंतीला लावा. संगणकात ठेवलेली तारीख कुणी बघत नाही.

डॉक्टर: मानद म्हणजे फुकट नव्हे

धंतोली-रामदासपेठेतले नामांकित डॉक्टर तुमच्या उद्घाटनाला येतील, भाषणात "मी दर बुधवारी येईन" म्हणतील. सहा महिने येतीलही. मग बुधवारी त्यांची स्वतःची शस्त्रक्रिया लागेल आणि तुमच्या बाकावर चाळीस म्हाताऱ्या डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या असतील. दोष त्यांचा नाही. मोफत वेळ देणाऱ्या माणसाला जाब विचारता येत नाही, हा व्यवस्थेचा दोष.

म्हणून प्रत्येक विशेषज्ञाला सत्रामागं ठरलेली रक्कम द्या, कमी का असेना, आणि वेळ लिहून घ्या. ज्यांना घ्यायची नाही ते ती परत देणगी म्हणून देतील, पावती फाडा. चोवीस तास राहणारे निवासी डॉक्टर आणि मुख्य परिचारिका पूर्ण पगारी असाव्यात. या दोन जागांवर काटकसर करू नका. रुग्ण पाठवणाऱ्याला कमिशन द्यायचं नाही, हे पहिल्या बैठकीत ठराव करून इतिवृत्तात घाला. वर्षभर रुग्ण कमी येतील. नंतर येतात.

काउंटरवरची रात्र

आयपीएफ कागदावर सोपी आहे. ती काउंटरवर कशी चालते, ते एका प्रसंगातून सांगतो.

रात्री साडेदहा. पारडीकडून एक बाई नवऱ्याला ऑटोत घालून आली, पोटात आतडं अडकलेलं. नवा कॅशियर म्हणाला, "ताई, उत्पन्नाचा दाखला?" ती म्हणाली, "भाऊ, तहसीलीत अर्ज टाकून राहिला महिनाभरापासून. रेशन कार्ड हाये, पण घरी. माणूस मरून राहिला न इथं." त्यानं वरच्या डॉक्टरला फोन लावला, डॉक्टरनं मला. मी जे सांगितलं तेच योजनेतही आहे: तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करायचं, अनामत मागायची नाही, जीव स्थिर होईपर्यंत उपचार करायचे. कागद उद्या. सकाळी तिचा दीर पिवळं रेशन कार्ड घेऊन आला, दाखला चार दिवसांनी समाजसेविकेनं पाठपुरावा करून मिळवला.

आता बिल. निर्धन रुग्णाची खाट, निवासी डॉक्टर, नर्सिंग, चादरी, रुग्णालयाचं जेवण, नेहमीच्या तपासण्या मोफत. शस्त्रक्रियेसारख्या बिलयोग्य सेवा सगळ्यात खालच्या वर्गाच्या दरानं लावायच्या. औषधं, टाके, जाळी ज्या किमतीला आपण विकत घेतली त्या किमतीला, छापील किमतीला नव्हे. आणि हे बिल आयपीएफमधून वळतं करायचं. दुर्बल घटकातल्या रुग्णानं औषधं आणि साहित्याच्या रकमेपैकी किमान निम्मे भरायचे असतात.

सुरुवातीची दोन वर्षं आम्ही आयपीएफ नुसती खतावणीत दाखवायचो. बँकेत वेगळं खातं नव्हतं, महिनाअखेर पगाराला पैसे कमी पडले की तीच रक्कम वापरली जायची. तपासणीत ते निघालं आणि लेखी खुलासा द्यावा लागला. मी स्वतः बँकेचा माणूस, त्यामुळं लाज दुप्पट. पहिल्या दिवसापासून वेगळं खातं उघडा. दर महिन्याची माहिती धर्मादाय कार्यालयाला वेळेवर पाठवा. दारातल्या फलकावर "धर्मादाय" हा शब्द आणि राखीव खाटांची रोजची स्थिती लिहा: एकूण किती, भरलेल्या किती, रिकाम्या किती. फलक लावल्यावर गर्दी उसळेल अशी आम्हाला भीती होती. उसळली नाही, उलट नगरसेवकांच्या चिठ्ठ्या कमी झाल्या. विश्वस्तांच्या चिठ्ठ्या बंद व्हायला मात्र एक कडक ठराव लागला.

शासकीय योजना आणि उधारीचा खड्डा

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण देते. धर्मादाय रुग्णालयानं त्यात जायलाच हवं, कारण तुमचे बरेच रुग्ण त्यातच बसतात आणि आयपीएफवरचा भार कमी होतो. दर ठरलेले असतात, मंजूर उपचारासाठी रुग्णाकडून वर एक रुपयाही घ्यायचा नाही.

पैसे येतात, पण उशिरा. पुरवठादार मात्र तीस दिवसांत मागतो. किमान तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम हाताशी असल्याशिवाय योजनेत उडी घेऊ नका. दाव्यासोबत लागणारे फोटो, अहवाल, सुट्टीचा कागद त्याच दिवशी चढवणारा एक चोख मुलगा किंवा मुलगी नेमा. नाकारलेले दावे बहुतेक वेळा वैद्यकीय कारणानं नाकारले जात नाहीत, एक सही राहिलेली असते.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं खेड्यांसाठी चालवलेल्या आरोग्य विम्यात शेतकरी सुगीच्या वेळी वर्गणी म्हणून ज्वारी द्यायचे. हातात रोख नसते तेव्हाही माणसाकडं देण्यासारखं काहीतरी असतं, हे त्यांनी ओळखलं होतं. आमच्या एका डायलिसिसच्या रुग्णाची बायको दर आठवड्याला स्वयंपाकघरासाठी भाजी आणून देते. आम्ही तिचीही पावती करतो.

वाढ: खाट कधी वाढवायची

आमचा क्रम असा झाला: ओपीडी, मग दिवसाच्या दिवशी घरी सोडायची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि डायलिसिस, मग दहा खाटा, मग मोठं शस्त्रक्रियागृह, मग तीस, मग पन्नास. अतिदक्षता विभाग सगळ्यात शेवटी, कारण तिथं माणसं सर्वांत जास्त लागतात आणि बिल न भरता आल्याची भांडणंही तिथंच होतात.

सलग बारा महिने दहापैकी आठ खाटा भरलेल्या असतील तरच नव्या खाटा घाला. ऑगस्ट ते ऑक्टोबरमधला डेंग्यू-तापाचा हंगाम बघून निर्णय घेऊ नका. तेव्हा व्हरांड्यातही पलंग टाकावे लागतात आणि फेब्रुवारीत तेच रिकामे दिसतात. प्रत्येक नव्या खाटेसाठी कॉर्पसमध्ये किती रक्कम आधी जमली पाहिजे हे ठरवा आणि ती जमेपर्यंत भूमिपूजनाचा नारळ फोडू नका, पाहुणा कितीही मोठा मिळाला तरी.

आणि माणसं बदलतात, त्याची तयारी ठेवा. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अर्ज, दाखल करायचा असतो. एका वर्षी आमचे दोन विश्वस्त दोन महिन्यांच्या अंतरानं वारले. दोघेही सह्यांचे अधिकारी. शोकसभा झाली, श्रद्धांजलीचा ठराव झाला, चेंज रिपोर्ट राहिला. बँकेनं खातं थांबवलं आणि सत्तर माणसांचे पगार अकरा दिवस लांबले. तेव्हापासून सह्यांचे अधिकारी तीन, त्यातला एक पन्नाशीच्या आतला, आणि भिंतीवरच्या परवान्यांच्या तक्त्यात सगळ्यात वरची ओळ विश्वस्तांच्या मुदतीची आहे.